साळवे काका आणि अण्णांची फेरी

संध्याकाळी सहाच्या सुमाराला आमच्या घरात मिक्सर लावायचा नाही, असा नियम होता. कुकरची शिट्टीही चालत नसे. हा नियम आमच्या घरातल्या कुणी केलेला नव्हता. तो भिंतीपलीकडच्या साळवे काकांचा होता, आणि आम्ही तो मुकाट्याने पाळायचो. कारण एकदा मी ऐन सहाला शेंगदाण्याचं कूट करायला घेतलं आणि त्या घरघरीमुळे आजऱ्याकडच्या डोंगरातल्या एका गावाला हत्ती कुठे आहे ते नीट ऐकू आलं नाही.

हे वाक्य मी नव्या माणसाला सांगते तेव्हा तो माझ्याकडे जरा काळजीने बघतो. आमच्या छत्रपती संभाजीनगरात हत्ती नाहीत, जंगल म्हणावं असं जंगल नाही, आणि माझ्या मिक्सरचा आवाज इतका लांब जाण्याचं काही कारण नाही. तेव्हा साळवे काका कोण, ते आधी सांगायला हवं.

पडेगावला दौलताबाद रस्त्याच्या आतल्या बाजूला आमची बैठी घरं. दोन घरांत एक भिंत, आणि ती भिंत बांधणाऱ्याने सिमेंट फार जपून वापरलेलं. माझी औरंगपुऱ्यातल्या विम्याच्या ऑफिसात नोकरी, त्यामुळे संध्याकाळी डोकं उठलेलं असायचं. घरी येऊन जरा शांत बसावं तर भिंतीतून दणदणीत आवाजात ऐकू यायचं, "लक्ष द्या. शांताबाई साळवे, शांताबाई साळवे. आपण जिथे असाल तिथून स्वयंपाकघरात यावे. दूध उतू जाण्याच्या मार्गावर आहे."

आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा मला वाटलं, शेजारी कुणी भाषणाचा सराव करतंय. मग एकदा दारात काका दिसले. इतका भरदार आवाज, पण माणूस मात्र पायजम्यात हरवलेला. पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि गळ्याभोवती बारा महिने मफलर. "गळा हाय ना ताई," ते मफलर घट्ट करत म्हणाले, "पेन्शन मला भेटती, पण काम अजून गळाच करतो."

काका एसटीतून निवृत्त झाले होते. मध्यवर्ती बसस्थानकात चौकशीच्या खिडकीआड बसून गाड्यांची घोषणा करायची, हे त्यांनी नोकरीची बहुतेक वर्षं केलं. त्या काळात शहरात ज्याने ज्याने बस पकडली त्याने काकांना ऐकलेलं आहे, आणि पाहिलेलं जवळजवळ कुणीच नाही. हा आवाज सापडला बिडकीनला, त्यांच्या गावी. भीमजयंतीच्या मिरवणुकीत कर्णा बिघडला आणि पुढच्या माणसांनी मागच्यांना काय सांगायचं ते सुदाम साळवेने नुसत्या तोंडाने सांगितलं. काकू म्हणायच्या, "तवापासून ह्यांना कर्ण्याची गरज नाय. कर्ण्यालाच ह्यांची गरज हाय."

काकांकडे मराठी दोन होत्या. एक घरातली, बिडकीनची, मधूनमधून उर्दूचा शिडकावा असलेली. दुसरी घोषणेची, कडक इस्त्रीची. तिच्यात कुणी 'आलं' नसायचं, 'आलेले असून' असायचं. नळाला पाणी आलं की अख्ख्या गल्लीला काका उठवायचे: "पाणी आलेले असून दाब समाधानकारक आहे. आधी पिण्याचे भरावे, भांडण नंतर करावे." आमच्या शहरात पाण्याचा दिवस म्हणजे सणच, त्यामुळे त्या आवाजावर कुणी कधी तक्रार केली नाही. मीही नाही. मी फक्त कपाळावर बाम चोळत बादली उचलायची.

घोषणेचं त्यांचं शास्त्र होतं, आणि ते ऐकायला कुणी तयार आहे का हे न बघता ते सांगायचे. आधी नाव, दोनदा. मग गाडी कुठे आहे. मग प्रवाशाने काय करायचं. आणि घाबरवायचं नाही. "घाबरलेला माणूस ऐकत नाय, पळतो. आन् पळणारा हमखास दुसऱ्याच गाडीत बसतो. त्याला जायचं जालन्याला, आन् उतरतो धुळ्याला. मग शिव्या कुणाला? मला!"

त्यांची मुलगी सुजाता वनरक्षक. तिची नेमणूक झाली थेट कोल्हापूर जिल्ह्याच्या टोकाला, आजऱ्याच्या बाजूच्या डोंगरात. गावाचं नाव वेळगेवाडी. काकू नकाशात शोधून दमल्या. तिथल्या रानात एक सुळेवाला हत्ती वावरत होता. एकटा, वयस्कर, ऊस आणि केळी यांचा जाणकार. गावाने त्याचं नाव अण्णा ठेवलं होतं, कारण तो कुणाच्याही शेतात घरचा वडीलधारा असल्यासारखा शिरायचा आणि त्याला जाब विचारायची कुणाची छाती नव्हती.

दिवाळीला सुजाता घरी आली तेव्हा निम्मी झाली होती. आमच्याकडे फराळाला बसली आणि चकलीचा तुकडा हातात तसाच धरून सांगायला लागली. गावातल्या काही जणांनी शेताभोवती तारा ओढल्या आहेत आणि रात्री त्यांत करंट सोडायचं घाटतंय. अण्णा शिवला तर अण्णा जाईल. माणूस शिवला तर माणूस. तिने गावाशी कसाबसा एक करार केला होता. रोज दिवेलागणीच्या आत अण्णा कुठे आहे ते मी कळवीन, आणि कळवत राहीन तोवर तारांत करंट सोडायचा नाही. हत्ती आपल्या बाजूला नाही हे पक्कं कळलं तर माणूस निवांत झोपतो. आपल्या बाजूला आहे हे कळलं तर रस्ता सोडतो, शेतावर एकटा जात नाही, चार जण मिळून उजेड करतात.

"मग कळीव की," काकू म्हणाल्या.

"ग्रुपवर लिहिते गं आई. त्या ग्रुपवर सकाळच्या फुलांचे एवढे फोटो येतात की माझा हत्ती खाली जातो. देवळाच्या भोंग्यावरून सांगितलं, तर लोक म्हणतात, मॅडमचा आवाज थरथरतोय, म्हणजे हत्ती गावातच आलाय. अन् जे घरात होते तेसुद्धा बाहेर बघायला आले!"

काका इतका वेळ अनारशाशी झटत होते. त्यांनी अनारसा खाली ठेवला. "कसं सांगितलं ते सांग बरं."

सुजाताने म्हणून दाखवलं. काकांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. "ह्यात गाव कुठंय? फलाट कुठंय? प्रवाशानं करायचं काय? बेटा, तू नुसती गाडी आली, गाडी आली म्हणून ओरडायली."

आणि तिथेच, आमच्या सोफ्यावर, फराळाच्या ताटापुढे मफलर सैल करून काकांनी पहिली घोषणा केली. "लक्ष द्या. वेळगेवाडी, वेळगेवाडी. अण्णा सध्या धरणाच्या वरच्या अंगाला बांबूच्या बनात असून त्यांचा मुक्काम तिथेच अपेक्षित आहे. ग्रामस्थांनी आज ओढ्याच्या वाटेने जाऊ नये. फटाके वाजवू नयेत. अण्णांना वाट मोकळी द्यावी. तारांमध्ये वीज सोडू नये. शुभ रात्री."

सुजाता हळूच म्हणाली, "बाबा, हे मोबाईलमध्ये बोलता?"

तिथून ते सुरू झालं. संध्याकाळी सुजाता आणि तिच्याबरोबर माग काढणारी माणसं जंगलातच असायची. ती पाचला काकांना फोन करून अण्णांचा ठावठिकाणा सांगायची. काका पेन उघडून चार ओळी लिहायचे, मफलर सोडायचे, आणि गाद्या ठेवायच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचे, कारण तिथे घुमत नाही. सहाला आवाज पडेगावहून निघायचा आणि लगोलग वेळगेवाडीत देवळाच्या भोंग्यावर आणि घराघरातल्या फोनवर पोचायचा. माझ्या मिक्सरचा किस्सा पहिल्याच आठवड्यातला. दुसऱ्या दिवशी सुजाताचा फोन आला, की लोक विचारतायत, अण्णांच्या मागे गिरणी चालली होती का?

गावाला काका भलतेच आवडले. हत्तीला 'अण्णा सध्या विश्रांती घेत असून' असं इतक्या अदबीने कुणी म्हटलं नव्हतं. आणि एवढ्या अदबीने ज्याच्याबद्दल बोलतात त्याच्यावर टेंभे घेऊन धावायला माणसाला जरा जड जातं. सुजाता म्हणायची, लोक घड्याळ लावतात बाबांवर. मग गावातून मागण्या यायला लागल्या. आमची म्हैस हरवलीय, तेवढं सांगा. मुलाच्या बारशाचा निरोप तुमच्या आवाजात द्या. काका ठाम. "एका भोंग्यावर एकच गाडी. म्हैस सांगितली का मग अण्णाचं कोण ऐकन?"

इकडे आमच्या गल्लीलाही अण्णांचं वेड लागलं. मला औरंगपुऱ्यात रोज सोडणारे रिक्षावाले रफीकभाई आधी हवा-पाण्याचं विचारायचे. आता आरशातून बघत विचारायचे, "बाजी, अण्णा किधर हैं आज?" मी सांगायची, धरणावर. मग ते समाधानाने म्हणायचे, "अच्छा है. गर्मी भोत है. पानी में रेने दो." एकदा अण्णांनी कुणाच्या फणसाच्या झाडावर हात मारला, तर रफीकभाईंनी त्यांची बाजू घेतली. "तो क्या हुआ? बुजुर्ग आदमी है."

काकांनी अण्णांना पाहिलेलं नव्हतं. हत्तीच पाहिला नव्हता असं नाही, पण रानातला नाही. तरी ते अण्णांविषयी असं बोलायचे की जणू दोघं एकाच डेपोत होते. "आज लवकर निघले. थंडी हाय ना. उद्या आराम करतील." आणि बऱ्याचदा ते खरं ठरायचं. तिथेच घात झाला.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी अण्णा दिसेनासे झाले. एक दिवस, दोन दिवस, मग बरेच दिवस. ना पाऊल, ना लीद, ना मोडलेली फांदी. माग काढणारे म्हणाले, घाट उतरून खाली कोकणात गेला असावा. सुजाता रोज सांगायची, "बाबा, काहीच कळत नाही." आणि काका रोज घोषणा करायचे, "अण्णांची प्रतीक्षा आहे."

आता काकांचा स्वभाव असा, की प्रवाशाला ताटकळत ठेवणं त्यांना पाप वाटायचं. त्यांच्या नोकरीतला सगळ्यात पक्का नियम तोच. गाडी येत नसेल तर येत नाही म्हणून सांगायचं, म्हणजे माणूस दुसरी गाडी बघतो, घरी जातो, निदान पाठ टेकतो. नुसतं 'येईल, येईल' म्हणून म्हाताऱ्याकोताऱ्यांना बाकड्यावर बसवून ठेवायचं नाही. वेळगेवाडीची माणसं अण्णा नसताना रोज शेतावर राखणीला जागतात, हे त्यांना सहन होईना. आणि एका संध्याकाळी, भिंतीतून मी माझ्या कानांनी ऐकलं: "वेळगेवाडी, वेळगेवाडी. अण्णांची आजची फेरी रद्द करण्यात आलेली आहे. ग्रामस्थांनी निश्चिंत झोपावे."

मीसुद्धा निश्चिंत झाले. आवाजच तसा होता.

त्याच रात्री अण्णा आले. तानाबाई म्हणून गावच्या कडेला एकट्या शेती करणाऱ्या बाई होत्या. त्यांची केळीची बाग अण्णांनी निगुतीने संपवली आणि जाताना पंपाच्या खोलीला टेकून अंग खाजवलं. खोली बसली. बाई इतर दिवशी बागेतच मचाणावर असायच्या. त्या रात्री काकांच्या शब्दावर घरी झोपल्या होत्या, म्हणून वाचल्या असं आपण इथे बसून म्हणू. त्यांना तसं वाटलं नाही. कराराच्या आधी तारा ओढलेल्यांत तानाबाई पहिल्या होत्या. सकाळी त्यांनी सुजाताला सांगितलं, आज दिवे लागले की मी करंट सोडणार. आणि त्या सोडणार म्हटल्यावर बाकीचेही सोडणार, हे उघड होतं.

सुजाताने हातापाया पडून एका दिवसाची मुदत मिळवली. तानाबाईंची अट एकच होती. "तो बोलणारा माणूस हितं आणा. माझ्या म्होरं उभा करा. मग काय ते बघू."

काकांनी फोन ठेवला तेव्हा मी तिथेच होते, लिंबू मागायला गेलेली. मी त्यांचा चेहरा तसा कधी बघितला नव्हता. मफलर हातात घेऊन नुसते बसले होते. काकूंनी पिशवी भरायला घेतली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, तुम्ही जाता का संगं? ह्यांची शुगर हाय, आन् माझा गुडघा." सुट्टी शिल्लक होती. शिवाय खरं सांगायचं तर मला त्या माणसाला एकटं पाठवायचं नव्हतं. मी कुरकुरत हो म्हटलं, कारण कुरकुरल्याशिवाय मला हो म्हणता येत नाही.

दुपारची गाडी पकडली. एरवी हा माणूस वाटेतल्या प्रत्येक स्थानकावर घोषणा कान देऊन ऐकायचा आणि गुण द्यायचा. त्या प्रवासात त्यांनी कुणालाच गुण दिले नाहीत. नगरला फक्त एवढं म्हणाले, "ताई, इतक्या वर्षांत मी माइकवर एक शब्द कधी बोललो नाय. 'माहीत नाही.' चौकशीच्या खिडकीत तो शब्द चालतच नाय ना."

दुसऱ्या दिवशी दुपारी वेळगेवाडीला पोचलो. देवळापुढे गाव जमलं होतं. सगळे काकांकडे बघून मग त्यांच्या मागे बघत होते, खरा माणूस अजून उतरायचा असावा अशा आशेने. एवढ्या आवाजाचा एवढासाच माणूस निघेल असं कुणाला वाटलं नव्हतं. तानाबाई पुढेच बसल्या होत्या. उंच, काटक, नऊवारीचा काष्टा घट्ट, आणि मांडीवर केळीचा एक मोडका कोंब, पुरावा म्हणून आणलेला.

कुणीतरी सवयीने काकांच्या हातात देवळाचा माइक दिला. काकांनी तो बाजूला ठेवला. मला वाटलं आता येणार, 'झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर असून'. पण ती इस्त्रीची मराठी त्या दिवशी आलीच नाही.

"माय," काका हात जोडून म्हणाले, "चूक माझी हाय. पोरीची नाय. तिनं मला सांगितलं व्हतं, काय कळंना म्हणून. मला 'कळंना' म्हणायची सवय नाय. मी यष्टीतला माणूस. गाडी दिसली नाय का आम्ही रद्द म्हणतो. पण हत्ती काय यष्टी नाय. त्याला कोण रद्द करणार? मी इथून लई लांब गादीच्या खोलीत बसून तुमाला झोपा म्हणलो. माझी काय केळी नव्हती ना."

तानाबाईंनी कोंब खाली ठेवला.

"आवाज तुमचाच व्हय ह्यो?"

"व्हय."

"मग भोंग्यावर लई शहाण्यागत कशापायी बोलतासा? असं बोला की." त्यांनी जरा वेळ काकांकडे पाहिलं. "बरं, उद्यापास्नं अण्णा दिसला न्हाई, तर काय म्हणणार?"

"ठाव नाय, असं म्हणन."

"भोंग्यावर?"

"भोंग्यावर."

"म्हणा तेवढं," तानाबाई म्हणाल्या. "तुम्ही ठाऊक न्हाई म्हटलासा, की मी जागी ऱ्हाईन. जागं ऱ्हायचं मला काय नवं न्हाई. पर झोप म्हणून सांगू नका कुणी."

करंटचं काय, असं सुजाताने घाबरत विचारलं. तानाबाईंनी कनवटीतून पांढरा चिनी मातीचा फ्यूज काढून सगळ्यांना दाखवला आणि परत खोचला. "ह्यो माझ्यापाशीच ऱ्हाईल. बघू ह्यो बाबा किती खरं बोलतोय." त्यांनी सोडला नाही, पण लावलाही नाही. सुजाताने नुकसानीचा पंचनामा करायला घेतला, आणि पंपाची खोली उभी करायला गावातली माणसं दुसऱ्या दिवसापासून येतील असंही तिथेच ठरलं. मला इतकं हलकं वाटलं की मी अनोळखी बायकांच्या घरात शिरून चहा करू लागले.

परतीची गाडी सकाळची होती. संध्याकाळी सुजाता आम्हाला शाळेच्या गच्चीवर घेऊन गेली. अण्णा धरणाच्या बाजूला होते आणि पाण्यावर येण्याची शक्यता होती. सहा वाजत आलेले. तिने फोन काकांच्या तोंडाशी धरला, की इथूनच बोला. काकांनी मफलर सोडला, घसा साफ केला, आणि सुरू केलं, "लक्ष द्या. वेळगेवाडी, वेळगेवाडी. अण्णा सध्या..."

आणि पलीकडच्या बांबूतून अण्णा बाहेर आले. लांब होते, चांगलेच लांब, पण एवढं मोठं काही इतक्या निवांतपणे चालताना मी कधी पाहिलं नव्हतं. कान हलवत खाली उतरले, पाण्यात पाय घातला, सोंडेने पाठीवर चिखल टाकला. एक सुळा जरा तुटका होता. काका उघड्या तोंडाने बघत राहिले. फोन चालूच. बऱ्याच वेळाने त्यांच्या तोंडून आलं, आणि देवळाच्या भोंग्यावरून, घराघरातल्या फोनवरून सगळ्या खोऱ्यात गेलं:

"अगं आई गं... लई मोठं हाय की हे!"

खालच्या घरांतून हसण्याचा असा लोट आला की अण्णांनीसुद्धा एकदा मान वर केली. सुजाता पोट धरून खाली बसली. मी किती दिवसांनी तशी हसले होते कोण जाणे, डोळ्यांतून पाणी. त्या गावात अर्ध्या लोकांनी ते वाक्य फोनची घंटी म्हणून लावलं, आणि रफीकभाईंनीही. औरंगपुऱ्यातल्या गर्दीत मध्येच काका ओरडायचे आणि पुढचे स्कूटरवाले दचकून वाट द्यायचे.

त्यानंतर काकांची घोषणा बदलली. नाव दोनदा, ठिकाण, काय करायचं, हे तसंच. पण भाषा घरची झाली, आणि ज्या दिवशी काही कळायचं नाही त्या दिवशी भिंतीतून स्पष्ट ऐकू यायचं, "वेळगेवाडी, वेळगेवाडी. अण्णा कुठं हायत, ठाव नाय. मला बी नाय, सुजाताला बी नाय. जपून ऱ्हा." ते म्हणताना सुरुवातीला त्यांचा आवाज अडखळायचा. पुढे पुढे तोच शब्द ते सगळ्यात मन लावून म्हणायला लागले. गावातल्या तारा तशाच होत्या. त्यांवर आता काकड्यांचे वेल चढल्याचा फोटो सुजाताने पाठवला होता, पण तानाबाईंच्या कनवटीतला फ्यूज काकांच्या मनातून जात नव्हता. अधूनमधून जेवताना थांबून ते काकूंना विचारायचे, "बाईनं लावला नसंल ना गं?"

माझी लातूरला बदली झाली तेव्हा पडेगावच्या घराला आम्ही भाडेकरू बघितला. काकांनी त्याला पहिल्याच भेटीत मिक्सरबद्दल बजावलं. सामान पुढे गेलं होतं, घरची मंडळीही. मी मागे राहून किल्ल्या देऊन निघाले. त्याच दिवशी काकांनाही बसस्थानकावर जायचं होतं, कारण तानाबाई येणार होत्या. त्यांना वेरूळ बघायचं होतं, आणि त्याहून जास्त ती गादीची खोली. रफीकभाईंनी आम्हा दोघांना नेलं आणि भाडं घेतलं नाही, यावर आमचं भांडण झालं.

तानाबाई उतरल्या त्या केळीचा घड डोक्यावर घेऊनच. नव्या बागेतला पहिला. इतक्या लांबून एकही केळं काळं पडू न देता आणलेला. काकांनी तो उतरवून घेतला आणि त्याच्या ओझ्याने वाकले. बाईंनी कनवटीत हात घातला, फ्यूज काढला आणि काकांच्या तळहातावर ठेवला.

"ह्यो तुमच्याजवळ ठेवा. घरात असला की राग आला म्हणजे हात जातोय. दुसरा मिळतोय की बाजारात, पर त्याला तालुक्याला जायला लागतंय. तिथवर जाईस्तवर माझा राग उतरतोय."

काकांनी फ्यूज मुठीत धरून तीच मूठ डोळ्यांवरून फिरवली. मी इकडेतिकडे बघायला लागले.

तेवढ्यात लातूरची गाडी लागल्याची घोषणा झाली. आता तिथे रेकॉर्ड केलेला आवाज असतो. स्वच्छ, बरोबर, फलाटासकट. पण काकांच्या लेखी ती घोषणा झालीच नव्हती. त्यांनी घड खाली ठेवला, मफलर सैल केला, आणि अख्खं स्थानक मागे वळून बघेल अशा आवाजात सुरुवात केली. "लक्ष द्या. लातूर, लातूर. गाडी फलाटावर उभी असून आमच्या ताईंना खिडकीची जागा द्यावी." दोन म्हातारे हमाल उठून उभे राहिले आणि एकमेकांना म्हणाले, "साळवे आला!" आणि मला खरोखरच खिडकीची जागा मिळाली.

गाडी हलली. खाली काका उभे होते. एका हातात फ्यूज, पायाशी केळीचा घड, शेजारी तानाबाई. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलंही नाही. खिडकीतून ओरडले, "काका, आता परत कधी भेट?"

काकांनी क्षणभर विचार केला. मग त्या भरदार आवाजात, भोंग्यावर म्हणायचे तसंच मन लावून म्हणाले, "ठाव नाय!"

शेजारून तानाबाईंनी हात वर केला आणि तितक्याच मोठ्याने मला सांगितलं, "म्हंजे जागं ऱ्हावा!"